दोधूआप्पांनी तीनदा विझवलेला दिवा

दोधूआप्पा थकलेत हे सारंगखेड्यात सगळ्यांच्या आधी मला कळलं, कारण त्यांनी माझ्याशी भांडणं सोडलं. माझं स्पेअर पार्टचं दुकान आणि त्यांचं गॅरेज यांच्यामध्ये एकच भिंत आहे, आणि त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंनी आम्ही सतरा वर्षं भांडलो. माझा फिल्टर नकली, माझा वायसर पातळ, माझ्या ऑइलच्या डब्याचं झाकण आधीच उघडलेलं, असले आरोप ते रोज सकाळी करायचे आणि मी त्यांना त्यांच्या चष्म्याचा नंबर विचारायचे. दिवस कसा झकास सुरू व्हायचा. दोनेक वर्षांपासून मात्र ते नुसते येतात, वस्तू उचलतात, "बरं शे, ताई," म्हणतात आणि जातात. एकसष्टीचा माणूस, उजवा खांदा गिअरबॉक्स उचलून उचलून कामातून गेलेला, गुडघे तर विचारूच नका. ट्रकखाली शिरायचं म्हटलं की आधी दोन मिनिटं उभे राहून जमिनीकडे बघत राहतात.

दुकान खरं माझ्या नवऱ्याचं. रूपचंदला माणसांशी बोलायचा कंटाळा, तो केळीच्या बागेत रमला आणि काउंटर माझ्या गळ्यात पडलं. बी.कॉम.ला नळी आणि नोझल शिकवत नाहीत. ते मला आप्पांनी शिकवलं, तेही ओरडून.

स्कॅनरसुद्धा माझा आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे ते लपवता येणार नाही.

नव्या ट्रकमध्ये इंजिनाला एक कॉम्प्युटर असतो. काही बिनसलं की तो ड्रायव्हरसमोर पिवळा दिवा लावतो आणि आपल्याकडे एक कोड लिहून ठेवतो, एक अक्षर आणि चार आकडे. कोड पडला तेव्हा गाडी किती किलोमीटर चाललेली होती, इंजिनावर जोर किती होता, हेही लिहितो. स्टिअरिंगखाली स्कॅनरची वायर खोचली की सगळं वाचता येतं, पण इंग्रजीत. आप्पा सातवी शिकलेले. म्हणून चार वर्षांपूर्वी मी स्कॅनर आणला आणि आमची वाटणी ठरली: वाचायचं मी, समजायचं त्यांनी. मी केबिनमध्ये चढून मोठ्याने वाचायचे, आप्पा खाली डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, "सेन्सर बरा शे, ताई. वायर घासायेल शे." आणि वायर खरंच घासलेली निघायची. कोडला ते पेशंटचं कण्हणं म्हणायचे. दुखतं कुठे, ते आपल्यालाच शोधावं लागतं.

गाडी दुरुस्त होऊन निघताना आमच्याकडे एक रीत आहे. बोनेटला हळद-कुंकू, पुढच्या चाकाखाली लिंबू, आणि डॅशबोर्डवर एकही दिवा नको. दिवा पेटलेला ठेवून गाडी गॅरेजबाहेर गेली तर तो मिस्तरीचा कमीपणा समजतात, आणि मालकाला अपशकुन वाटतो तो वेगळाच. म्हणून सगळ्यात शेवटी मी कोड पुसते. यंत्र विचारतं, नक्की पुसायचा का? मी होचं बटण दाबते आणि दिवा विझतो. त्याबरोबर कॉम्प्युटरने लिहून ठेवलेलं सगळंच जातं, किलोमीटरसकट. काम झालेलं असेल तर त्यात वाईट काहीच नाही.

आप्पांच्या घरी शेती होती, ती थोरल्या भावाने धरली. आप्पा विशीतच साखर कारखान्याच्या गॅरेजात लागले आणि तिथून धुळ्याला इंजिनाचे डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्या एकाकडे सहा वर्षं राहिले. परत आले ते या भागातले एकमेव पंप मिस्तरी होऊन. त्या काळच्या पंपांमध्ये कॉम्प्युटर नव्हता, एक स्क्रू होता. तो स्क्रू पाव फेरा आवळला की इंजिनाला जास्त डिझेल मिळायचं आणि गाडी घाटात पळायची. शहादा-तळोद्याचे मालक तो पाव फेरा मारून घ्यायला आप्पांकडे रांग लावायचे. आप्पा तो मारायचेही, पण मग गाडी रस्त्यावर काढून मागे काळा धूर किती निघतो ते आरशात बघायचे. धूर जास्त निघाला की त्या पाव फेऱ्यातला अर्धा परत मागे. कोणी कितीही गयावया केली तरी नाही. "धूर खोटं बोलत नही," असं म्हणायचे. मला हे सांगताना त्यांचा चेहरा उजळायचा. त्यांचं सगळं मोठेपण त्या पाव फेऱ्यात होतं आणि ते त्यांना चांगलं ठाऊक होतं.

आता स्क्रू गेला आणि प्रोग्राम आला. गुजरातेतून एक जण लॅपटॉप घेऊन फिरतो. गाडीच्या कॉम्प्युटरमधला कंपनीचा प्रोग्राम काढून स्वतःचा टाकतो, की गाडीची ताकद वाढलीच. तासाभराचं काम, हाताला डाग नाही. जानेवारीच्या अखेरीस ललितभाऊने त्याच्या दहा टायरच्या ट्रकमध्ये तो प्रोग्राम टाकून घेतला. ललितभाऊ म्हणजे गावातला मोठा केळीवाला, तीन ट्रकांचा मालक, माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आणि आप्पांचंही. जाताना सुरतेकडे केळी, येताना धुळ्यासाठी टाइल्स, असा त्याच्या ट्रकचा फेरा. विसरवाडीच्या पुढे कोंडाईबारीचा घाट लागतो आणि टाइल्स भरलेली गाडी तिथे रडते. म्हणून प्रोग्राम.

त्या ट्रकवर रायसिंग होता. खापरच्या पुढच्या एका पाड्यावरचा, पस्तिशीचा, आश्रमशाळेत शिकलेला. त्यामुळे आम्ही सगळे अहिराणीत गुरगुरत असताना हा एकटा पुस्तकातल्यासारखं शुद्ध मराठी बोलायचा. आम्ही त्यावरून त्याला 'गुरुजी' म्हणून चिडवायचो आणि तो हसायचा. अकरा वर्षांत त्याने गाडीला साधा ओरखडा आणला नव्हता.

प्रोग्राम टाकल्यावर चौथ्या दिवशी तो दिवा घेऊन आला.

"मिस्तरी, घाटात चढाला गाडी मध्येच दम सोडते. क्षणभरच. मग पुन्हा ओढते. आणि दिवा लागला आहे."

मी वाचलं. डिझेलचा दाब कमी पडतो, असा कोड होता. आप्पांनी लॅपटॉपवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, नवा प्रोग्राम आहे, सुरुवातीला एखादा कोड येतोच, पुसून टाका. मी पुसला.

फेब्रुवारीच्या मध्यात तो पुन्हा आला. तोच कोड, तेच बोलणं, फक्त आता दम सोडणं क्षणभराचं राहिलं नव्हतं. या वेळी आप्पांनी बाटल्या काढल्या. सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या प्रत्येक इंजेक्टरमधून परत येणारं डिझेल वेगवेगळ्या बाटलीत धरून मोजतात, म्हणजे दोष पंपात की इंजेक्टरमध्ये ते कळतं. दोन तासांचं काम. पण गाडीत केळी भरलेली होती आणि ललितभाऊचा फोन आला.

"आप्पा, गाडी भरेल शे. माल सडी जाई. दिवा बंद करा नि सोडा."

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी काय म्हणणार? मीही केळीच्या घरातली, माल सडणं म्हणजे काय ते मला कळतं. बाटल्या परत खोक्यात गेल्या आणि मी कोड पुसला.

तिसऱ्या वेळी, मार्चच्या पहिल्या आठवड्यात, आप्पा खुर्चीतून उठलेच नाहीत. त्या दिवशी त्यांचा गुडघा सुजला होता आणि ऊनही अंगावर येत होतं. रायसिंग सांगत होता, "मिस्तरी, आता पाचव्या वळणालाच दम जातो, मागून वास येतो," आणि आप्पा डोळे मिटून मान हलवत होते. पूर्वी ते ऐकण्यासाठी डोळे मिटायचे. त्या दिवशी नुसते मिटले होते, हे मी शपथेवर सांगते.

"प्रोग्रामनी गाडी शे, भो. दिवा लागीनच," ते म्हणाले. "ताई, पुसी द्या."

मी केबिनमध्ये चढले आणि पुसला. रायसिंगने बोनेटला हात लावून नमस्कार केला आणि गाडी काढली.

दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर कोंडाईबारीच्या घाटात इंजिन बसलं. चौथ्या सिलिंडरच्या पिस्टनला भोक पडलं होतं. ट्रक ओढून आणला तेव्हा ललितभाऊ गाडीच्या आधी येऊन उभा होता. त्याच्या डोक्यात उत्तर तयार होतं: गुजरातच्या हद्दीजवळ रस्त्याकडेला टाक्यांमधून बायोडिझेल म्हणून काहीबाही स्वस्तात विकतात, ड्रायव्हर तेच भरतात आणि वरचे पैसे खिशात घालतात. असं होतं, नाही असं नाही. रायसिंग नाही म्हणाला. ललितभाऊने मला कोड वाचायला सांगितला.

मी वाचला. डिझेलचा दाब कमी. पहिली नोंद, गाडी बंद पडायच्या चाळीस किलोमीटर आधीची.

"चाळीस!" ललितभाऊ ओरडला. "म्हनजे नवापूरना आसपास. त्यानाआधी गाडी एकदम बरी व्हती. तठेच भरं त्यानी काहीतरी!"

फेब्रुवारीतला स्वतःचा फोन त्याला आठवत नव्हता, की आठवायचा नव्हता. यंत्रात तसंच दिसत होतं. त्याआधीचं काही नव्हतंच, मी आदल्या दिवशी सगळं पुसलं होतं. रायसिंग आप्पांकडे बघत होता, की आता मिस्तरी सांगतील. आप्पा इंजिनाकडे बघत होते. मी स्कॅनरची वायर गुंडाळत होते, आणि ती गुंडाळायला मला फार वेळ लागला.

त्याच संध्याकाळी ललितभाऊने ट्रकमालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रायसिंगच्या लायसनचा फोटो टाकला. खाली लिहिलं, डिझेल चोर आहे, कोणी कामावर घेऊ नये. त्या ग्रुपवर शहाद्यापासून अक्कलकुव्यापर्यंतचे सगळे मालक आहेत. ड्रायव्हरकडे विकायला दुसरं काय असतं? हात आणि नाव. अकरा वर्षांचं नाव एका फोटोत संपलं आणि रायसिंग होळीच्या आधी घरी बसला.

दोन दिवसांनी आप्पांनी इंजिन उघडलं. डिझेल फिल्टर करवतीने कापला आणि आतला कागद उन्हात पसरला. कागदावर चमकी होती, लग्नात अंगावर उडवतात तशी बारीक, चंदेरी. पंपाच्या आतलं लोखंड झिजून झिजून आलेलं. फिल्टरमधून सुटलेली बारीक चमकी पुढे जाऊन इंजेक्टरमध्ये अडकली, इंजेक्टर उघडाच राहिला आणि डिझेलच्या जाळाने पिस्टन वितळला. फिल्टरमध्ये उरलेलं डिझेल आप्पांनी काचेच्या ग्लासात घेतलं, वास घेतला, बोटांवर चोळलं. भेसळ नव्हती.

त्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली. मग म्हणाले, "प्रोग्राम पंपले मांगी ऱ्हायंता, आनि पंपजोडे तितलं नव्हतंच. पहिला दिनथाईन बोंबली ऱ्हायंता बिचारा. आपन त्यानं तोंड दाबं, ताई."

प्रोग्राम पंपाकडे झेपेल त्याहून जास्त मागत राहिला आणि पंप झिजत गेला. एक दिवसाची झीज अशी नसते. ही पाच-सहा आठवड्यांची. म्हणजे रायसिंग पहिल्यांदा आला तेव्हापासूनची. आम्हा दोघांना त्या क्षणी सगळं कळलं. ललितभाऊकडे जाऊन सांगायला चार मिनिटं लागली असती, त्याचं घर चौकाच्या पलीकडे आहे.

आम्ही गेलो नाही.

आप्पा का गेले नाहीत, ते मला माहीत आहे. चाळीस वर्षं ज्याने दुसऱ्याचा धूर आरशात बघितला, त्याने खुर्चीत बसून 'पुसी द्या' म्हटलं होतं, हे तोंडाने सांगायचं होतं. एवढं बळ त्यांच्यात उरलं नव्हतं. मी का गेले नाही, ते तर त्याहून सोपं आहे. ललितभाऊ माझ्याकडून वर्षाला किती माल नेतो ते मला तोंडपाठ आहे. शिवाय मनात म्हणायचे, मी फक्त वाचते, समजायचं काम माझं नाही. किती सोयीची वाटणी! अशी वाटणी करणारीला चांगलं बदडलं पाहिजे.

होळी आली आणि गेली. कमलबाई, म्हणजे आप्पांच्या घरच्या, दुकानात येऊन मला म्हणाल्या की हे जेवत नाहीत, गुडघ्याचं औषध बदलू का? मी म्हटलं, बदला.

होळीनंतर चौथ्या दिवशी सकाळी फत्तेसिंग आला. त्याचा स्वतःचा एकच ट्रक आहे, स्वतःच चालवतो. ललितभाऊचा प्रोग्राम बघून त्यानेही त्याच माणसाकडून टाकून घेतला होता. गाडीही त्याच कंपनीची, त्याच वर्षाची. आणि समोर पिवळा दिवा.

"आप्पा, तेवढा दिवा पुसी द्या ना. गाडी भरेल शे, दोंडाईचाले जानं शे."

आप्पा खुर्चीतून उठले. उठताना त्यांनी टेबलाला धरलं.

"डिझेल कोठे भरस तू?"

"आठेच, गावना पंपवर. मी कोठे जास हद्दवर?"

"ताई," आप्पा म्हणाले, "मशीन ल्या नि गाडीमा बसा. चालती गाडीमा वाचनं शे."

असं आम्ही पूर्वी करायचो, दोन वर्षांत केलं नव्हतं. फत्तेसिंग स्टिअरिंगवर, मी मध्ये स्कॅनर मांडीवर घेऊन, आप्पा दाराशी. भरलेली गाडी पुलाच्या चढावर घेतली. स्क्रीनवर दोन आकडे असतात: कॉम्प्युटर पंपाकडे किती दाब मागतो, आणि प्रत्यक्षात किती मिळतो. बऱ्या गाडीत दोन्ही आकडे हातात हात घालून चालतात. मी वाचत गेले. मागणी बाराशे, मिळाला बाराशे. मागणी सोळाशे, मिळाला साडेपंधराशे. फत्तेसिंगने पाय दाबला. मागणी अठराशे, मिळाला चौदाशे.

"परत वाचा."

"अठराशे. चौदाशे."

"बस," आप्पा म्हणाले. "गाडी फिरव."

गॅरेजमध्ये परत आल्यावर फत्तेसिंगने घड्याळ दाखवलं. आप्पा त्याला म्हणाले, "आते मी पुसाव नही. माल दुसरी गाडीमा टाक. तुन्हा पंप जिवत शे तवर कंपनीना प्रोग्राम परत टाकी ले. ललितना गयाच." तो कुरकुरला, पण त्याने ऐकलं. मग आप्पांनी पायांत चप्पल सरकवली आणि मला म्हणाले, "हाई मशीनमा जे वाचं ते राहू द्या. पुसू नका. आनि चला मन्हासंगे."

ललितभाऊ ओट्यावर केळीवाल्या दोन व्यापाऱ्यांबरोबर बसला होता. आप्पा पायरीवरच उभे राहिले. त्यांनी सांगितलं, सरळ, एका दमात: रायसिंग तीनदा आला होता, तीनदा त्यांनी दिवा पुसून त्याला पाठवला. पंप प्रोग्रामने मारला. फत्तेसिंगची गाडी हद्दीवर जात नाही, तरी तिचीही तीच गत आहे. फिल्टरचा कागद त्यांनी खिशातून काढून ओट्यावर पसरला. मी आकडे वाचून दाखवले.

ललितभाऊने कागदावर बोट फिरवलं आणि बोटाला लागलेली चमकी बघितली. वाईट माणूस नाही तो, पण त्याला सगळ्यांसमोर खोटं पडायची सवय नाही.

"बारा दिन गप्प काबर बसनात मंग, आप्पा?"

"थकी गयू, भाऊ."

"थकी गयू?" तो एवढ्या जोराने ओरडला की आतून त्याची बायको बाहेर आली. "तुम्ही थकी गयात नि मी ग्रूपवर एक गरीबले चोर करी बसनू! आते मी काय सांगू लोकेसले?"

"तू नको सांगू. मी सांगस."

मोबाइल माझा, कारण आप्पांच्या मोबाइलला फक्त बटणं आहेत. त्या ग्रुपवर मीही आहे, स्पेअर पार्टची जाहिरात टाकते. मी बटण धरून ठेवलं आणि आप्पा बोलले. "मी दोधू मिस्तरी बोली ऱ्हायनू. ललितभाऊना गाडीनं इंजिन रायसिंगनी बिघाडं नही. डिझेल चांगलं व्हतं. त्यानी माले तीन डाव सांगं का गाडी दम सोडस. तीन्ही डाव मी दिवा पुसा नि गाडी सोडी दिधी. चूक मन्ही शे, एकलानी. रायसिंगनं नाव कोनी खराब करू नका."

एकलानी म्हणजे एकट्याची. मी बटण सोडलं आणि ते गेलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझं नाव त्यात कुठेच नव्हतं. मी मोबाइल पिशवीत टाकला. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची घरी पोचेपर्यंत लाज वाटली.

ललितभाऊने फोटो काढून टाकला आणि खाली "गैरसमज झाला" एवढंच लिहिलं. इंजिन त्याने धुळ्याला नेलं, बाकीचे दोन ट्रकही आप्पांच्या दारात यायचे बंद झाले. दुसरे मालक येऊन विचारून जाऊ लागले, आप्पा, आमचंही काही पुसलंय का? आप्पा प्रत्येकाला आठवून आठवून उत्तर द्यायचे. संध्याकाळपर्यंत त्यांचा आवाज बसायचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी रायसिंग आला, खापरहून दोन बस बदलून. ललितभाऊने त्याला फोन करून पुन्हा कामावर बोलावलं होतं. दाढी वाढलेली, शर्ट इस्त्रीचा. आप्पांनी स्टूल पुढे सरकवला. तो बसला.

"ऐकं का तुनी?"

"ऐकलं, मिस्तरी. मेहुण्याच्या मोबाइलवर. दोनदा ऐकलं." मग म्हणाला, "मला वाटलं होतं, माझंच चुकलं."

"तुन्हं काय चुकनं, भो?"

"डिझेल मी बाहेरचं भरलं नाही, ते मला माहीत होतं. पण तुम्ही तीनदा मशीन लावलं आणि तीनदा गाडी ठीक म्हणून सोडली. तुम्ही म्हणता म्हणजे गाडी ठीकच असणार. मग इंजिन गेलं कसं? माझाच पाय जड पडला असेल, गिअर चुकला असेल. घरी बसून तेच आठवत होतो, कोणत्या वळणाला काय केलं."

आप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायच्याही भानगडीत पडले नाहीत.

"आते तर समजनं ना? मंग सोडी दे ते."

"सोडलं. पण होळी होऊन गेली ना, मिस्तरी."

मग त्याने सांगितलं. त्याची मुलगी लहान असताना फार आजारी होती, चिंचपाड्याच्या दवाखान्यात पंधरा दिवस होती, वाचली. तेव्हा त्याने नवस बोलला होता, पाच होळ्यांना बावा होऊन नाचायचं. अंगावर राखेचे ठिपके, कमरेला घुंगरं, डोक्याला मोरपिसांचा टोप, आणि त्याआधीचे दिवस पालणी पाळायची, खाटेवर झोपायचं नाही, घरात वावरायचं नाही. सलग पाच वर्षं. तीन झाली होती, हे चौथं.

"लोक चोर म्हणत होते, ते मी सोसलं असतं," तो म्हणाला. "पण मालकाचं इंजिन आपल्या हातून गेलं असं मनात होतं. असं मन घेऊन घुंगरं कशी बांधू? नाही बांधली. सगळे नाचायला गेले, मी घरी होतो."

"मंग आते?"

"आता पुढच्या होळीपासून पुन्हा पहिलं वर्ष. पाच पुन्हा." बसचं टाइमटेबल सांगावं तसं त्याने ते सांगितलं. चिडला असता, शिव्या दिल्या असत्या, तर मला सोपं गेलं असतं.

आप्पांनी चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसला. त्यांच्या बाजूने बोलायला तिथे मीच होते, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला गप्प राहवेना.

"रायसिंगभाऊ, आप्पांनी ग्रुपवर सगळं सांगितलं नाही. त्यांनी माझं नाव घेतलं नाही. बटण मी दाबलं होतं. तिन्ही वेळा मीच."

त्याने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, नेहमीसारखंच.

"माहीत आहे, ताई," तो म्हणाला. "मी समोरच उभा होतो."